उदावर्तिनी व शेकाची परंपरा

ऋतुकाळीं ओटीपोटांत उठणाऱ्या कळा औषधाविना कशा शमवाव्या, हा विषय आमच्या वाचकांस इतिहासाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु वैद्यकाच्या पोथ्यांत त्याचा पुरावा स्पष्ट असून, त्यांतील एका विसंगतीचा उलगडा करणें हा या टिपणाचा हेतु आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानीं, तिसाव्या अध्यायांत, वीस योनिव्यापदांमध्यें ‘उदावर्तिनी’ सांगितली आहे. वायूची गति उलटल्यामुळें रज कष्टानें सुटतें व सुटतांच स्त्रीस सुख वाटतें, हें तिचें लक्षण. सांप्रत ज्यास कष्टार्तव म्हणतात त्याच्याशीं हें जुळतें. तेथील उपायांत स्नेहन व बस्ति यांबरोबर स्वेद, म्हणजे शेक, सांगितला आहे. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायांत अग्निस्वेदाचे तेरा प्रकार आहेत. पैकीं संकरस्वेद म्हणजे तीळ, उडीद, कुळीथ इत्यादिकांच्या ऊन पिंडाचा शेक. ऊन पाण्यांत बसविण्याचा अवगाहही त्यांतच येतो.

उलटपक्षीं, सुश्रुत शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत रजस्वलेस स्नान, अभ्यंग व श्रम वर्ज्य सांगतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा? आमच्या मतें वचनांचा अधिकार भिन्न आहे. सुश्रुताचा निषेध अपत्यासाठीं आहे. तो मोडल्यास होणारे दोष तो अपत्याच्याच ठायीं सांगतो. चिकित्सास्थानांतील वचन रोगिणीसाठीं आहे. खुद्द चरकसंहितेच्याही शारीरस्थानांत रजस्वलेस तीन रात्रीं भूमिशय्या सांगून अंगशुद्धि वर्ज्य केली आहे. एकाच ग्रंथांत दोन्ही वचनें नांदतात, हाच आमच्या मतास बळकट आधार होय. हा भेद न पाळल्यास, ग्रंथानेंच दिलेला शेक वेदनेनें तळमळणाऱ्या स्त्रीस ग्रंथाच्याच नांवानें नाकारला जाईल.

शेकाचा गुण आधुनिक परीक्षेसही उतरला आहे. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, पोटावर सतत ठेवलेल्या सौम्य उष्णतेनें आयबुप्रोफेनच्या गोळीइतकाच आराम पडल्याचें दिसलें.

राहतो प्रश्न लोकाचाराचा. वर्धा नदीकांठचें पुलगांव आगगाडीच्या आगमनानंतर वाढलें. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. अशा गांवीं जुन्या दप्तरांची अपेक्षा धरतां येत नाहीं. घरोघरचीं बाडें व वृद्ध स्त्रियांची स्मृति हींच तेथील साधनें. संग्राहकांस आमची विनंति कीं, शेकाचें एखादें टिपण हातीं आल्यास तें क्षुल्लक समजून टाकूं नये. पोथी चुकली तर ताडून पाहतां येते. स्मृति लोपली कीं लोपलीच.