माल्टा तापावरची औषधांची जोडी

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांची मोठी छावणी होती. तिथले सैनिक महिनोन्‌महिने तापाने झिजत. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. रात्री घामाने अंथरूण भिजे, सांधे धरत. अशा तापाने मेलेल्यांच्या प्लीहेतून लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये जंतू वेगळा केला. पुढे त्यांच्याच नावावरून आजाराला ब्रुसेलोसिस म्हणू लागले.

हा जंतू येतो कुठून, हे १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी शोधले. दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या रक्तात त्यांना लागणीच्या खुणा आढळल्या. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

पण ज्यांना लागण झालीच होती, त्यांना द्यायला औषध नव्हते.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि आशा वाढली. मात्र एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने हा आजार हटेना. ज्या पेशींनी जंतूंना मारायचे, त्यांच्याच आत हा जंतू दडून वाढतो आणि तिथे हे औषध पुरेसे पोहोचत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे वेस्ली स्पिंक यांनी त्याला सल्फाडायझिनची जोड दिली. १९४८ मध्ये ऑरिओमायसिन आले. हे टेट्रासायक्लिन गटातले पहिले औषध. त्याने ताप काही दिवसांत उतरे, पण काही रुग्णांत तो परतही येई. मग टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही जोडी रूढ झाली.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने प्रौढांसाठी दोन पर्याय सांगितले. दोन्हींत टेट्रासायक्लिन गटातलेच डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे. सोबत तितकेच दिवस रिफाम्पिसिन, किंवा दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. रिफाम्पिसिनमुळे सुया टळतात, पण ते रक्तातले डॉक्सिसायक्लिन घटवते. इंजेक्शनच्या जोडीत आजार उलटण्याचे प्रमाण कमी दिसले आहे. शिवाय ही दोन्ही जोडीदार औषधे क्षयरोगावरचीही आहेत. रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, पाठदुखी ही लक्षणेही दोन्ही आजारांत सारखीच, म्हणून आधी नेमके निदान हवे.

गोठ्यात राबणारे शेतकरी, पशुवैद्यक आणि खाटीक यांना आजही या आजाराचा धोका आहे. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढू नका, निरसे दूध पिऊ नका. आणि उपचार सुरू झालेच, तर ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पूर्ण करा.