शिकाऊ उमेदवारी : पदवी आणि पहिली नोकरी यांमधला दुवा

पदवी हाती आली की नोकरीच्या जाहिराती पाहणे सुरू होते आणि त्यांतील अनेक जाहिरातींत एकच अट भेटते : ‘एक ते दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक कायदेशीर मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप. ती फक्त आयटीआयच्या मुलांसाठी असते, हा समज आता जुना झाला आहे. मात्र ती नोकरी नव्हे, हेही आधीच ध्यानात घ्यावे लागते.

कायदा काय आहे?

शिकाऊ उमेदवारी ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१’ या केंद्रीय कायद्याखाली चालते. सुरुवातीला हा कायदा फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या कारखान्यातील कामांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही दार उघडले. म्हणूनच आता सरकारी बँकाही पदवीधर शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती काढतात.

२०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के असावी लागते. ही टक्केवारी काढताना कंत्राटी कर्मचारीही मोजले जातात.

किती पैसे मिळतात?

मिळणाऱ्या रकमेला पगार नव्हे, तर विद्यावेतन म्हणतात. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये आणि पदविकाधारकासाठी ८,००० रुपये ठरले. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते. ‘नॅट्स’ या केंद्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. पदवीधरांचे प्रशिक्षण साधारणपणे एक वर्षाचे असते.

पुण्यामुंबईत खोलीचे भाडे आणि खाणावळ यांतच ही रक्कम संपू शकते. त्यामुळे गावाहून येणाऱ्याने हिशेब आधी मांडावा. घराजवळच्या औद्योगिक वसाहतीत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जागा असेल, तर तिचा विचार आधी करावा.

अर्ज कुठे करायचा?

पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाचे ‘नॅट्स’ संकेतस्थळ आहे. आयटीआय आणि इतर कौशल्य अभ्यासक्रमांसाठी प्रामुख्याने कौशल्य विकास मंत्रालयाची ‘नॅप्स’ ही योजना आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचे ‘नॅट्स’चे काम मुंबईतील प्रादेशिक मंडळ पाहते. संकेतस्थळावरील नोंदणीला पैसे पडत नाहीत. काही बँका आणि रेल्वे आपल्या भरतीसाठी अर्जशुल्क घेतात, पण ते अधिकृत जाहिरातीत छापलेले असते. ‘जागा पक्की करून देतो’ म्हणून कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजावी.

उमेदवाराचे हक्क आणि बंधने

- कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ लागू होत नाहीत.
- प्रशिक्षणादरम्यान दुखापत झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते.
- शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा वेळ काम करून घेता येत नाही.
- लेखी करार करून त्याची नोंदणी करावी लागते. उमेदवाराने करार मध्येच मोडला, तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागू शकतो.

पुढे नोकरी मिळते का?

करारात तसे लिहिलेले नसेल, तर मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही आणि उमेदवारावरही ती स्वीकारण्याचे नाही. प्रशिक्षित उमेदवारांच्या भरतीबाबत मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे, एवढेच २०१४ ची दुरुस्ती सांगते. काही ठिकाणी थेट फायदा होतो. उदाहरणार्थ, रेल्वेत लेव्हल-१ च्या थेट भरतीतील २० टक्के जागा रेल्वे आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

महाराष्ट्राची २०२४ मधील ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ वेगळी आहे. तिच्यात पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये ठरले आणि आधीची सहा महिन्यांची मुदत पुढे वाढवण्यात आली. मुदत संपल्यावर कायम करावे, यासाठी अनेक प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले. प्रशिक्षणालाच नोकरी समजले की असा अपेक्षाभंग होतो.

सही करण्यापूर्वी

शिकाऊ उमेदवारी आधी पूर्ण केली असेल किंवा एक वर्षाचा कामाचा अनुभव असेल, तर अनेक जाहिरातींत उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे ही संधी बहुधा एकदाच मिळते. म्हणून प्रत्यक्ष कोणते काम शिकवणार, शिकवणारा कोण, मागच्या तुकडीतील किती जणांना तिथे किंवा अन्यत्र नोकरी लागली आणि शेवटी कोणते प्रमाणपत्र मिळणार, हे चार प्रश्न आधी विचारावेत. वर्षभर फक्त झेरॉक्स काढून घेणाऱ्या मोठ्या कंपनीपेक्षा हाताला काम देणारा छोटा कारखाना पुढच्या मुलाखतीत जास्त उपयोगी पडतो.