जुनेराचे लंगोट

माझ्या लहानपणी अकोल्याच्या जुन्या शहरात नव्या कापडाचा लंगोट शिवला तर लोक नावं ठेवत. पैशाअडक्याच्या घरीही बाळाच्या बुडाखाली जुनेरच असायचं. आजीचं लुगडं, आबाजींचं धोतर, फार तर मावशीचं विरलेलं पातळ. नवी कुंची, नवं झबलं, जरीचं टोपरं हे बारशाला, चार बायकांत मिरवायला. बाळंतविड्यात तेवढंच दिसायचं. खरी तयारी आधीच झालेली असे, पेटीच्या तळाशी, धुऊन घडी घालून ठेवलेल्या जुन्या कापडाच्या गठ्ठ्यात.

मी जयहिंद चौकाजवळ शिवणाचा क्लास चालवते. झबलं, लंगोट, दुपटं हे आमच्या धंद्यातले पहिले धडे. त्यामुळे या कापडाच्या चौकोनाचा इतिहास मला हातानं माहीत आहे. या शहरात तो कापसाचा इतिहास आहे, आणि त्याच्या मागोमाग पाण्याचा.

आधी कापसाचं. माझी आजी नव्या मांजरपाटाला बाळाजवळ फिरकू देत नसे. म्हणायची, "नवं कापड लेकराले टोचते व माय. कापडालेही माणसाची सवय व्हा लागते." तिचं म्हणणं विज्ञानाला धरून होतं. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा पातळ थर असतो. मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ देतात, ती वेगळी. हे दोन्ही असेपर्यंत कापडावर पाण्याचा थेंब लवकर मुरत नाही. वर्षानुवर्षं नेसून, आपटून, उन्हात वाळवून मेणही जातं आणि खळही. मग तेच लुगडं पाणी ओढून घेतं. बाळाला लागतं ते हे कापड. ते दुकानातल्या नव्या ताग्यात मिळत नाही, कुणीतरी आधी नेसून तयार करून ठेवावं लागतं.

त्याला देवाधर्माची जोड होतीच. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाणार, तोवर बाळाला नवं घालून तिचं लक्ष कशाला वेधा, असं बायका म्हणत. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे तर आणखी एक पायरी. ज्या बाईची लेकरं धडधाकट, तिच्याकडून जुनं कापड मागून आणायचं. मागून आणलेल्या कापडातलं मूल हे मागून आणलेलं मूल, त्याच्यावर मृत्यूचा हक्क नाही, असा तो हिशेब. भिका, दगडू, धोंडू ही नावं त्याच भीतीतून पडली. आमच्या आळीत असं कापड मागायला येणारीला कुणी रिकाम्या हातानं परत पाठवत नसे. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान बायका लंगोटांनाच पोतडे म्हणत, आणि छट्टीच्या आधी त्यांच्याकडेही जुन्या मलमलीच्या ओढण्या अशाच जमवल्या जात. गल्ली एकच, तेव्हा कापड इकडचं तिकडे जायचंच.

हे सगळं चालायचं ते कापसाच्या पेठेत. बनी आणि जरी या वऱ्हाडातल्या जुन्या कपाशी. बनीचा धागा तलम, जरीचा आखूड आणि भरड. मुंबईच्या बाजारात इकडच्या कापसाला अमरावतीवरून ‘ऊमरा’ म्हणत. 1853 साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अकोला त्याच वाटेवर. 1870 मध्ये खामगावचा फाटाही सुरू झाला. त्या काळचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नक यांनी आपल्या अहवालात मोकळेपणानं लिहून ठेवलंय की रेल्वेमुळे विलायती कापड इथे स्वस्तात येईल, इथल्या कापडाला मागे टाकील, गावात सुतासाठी खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील.

तसं बरंचसं झालं. आजीच्या आईच्या काळी कोष्ट्याकडचं हातमागाचं लुगडं असे. आजीच्या पिढीत गिरणीचं आलं. तरी बाळाच्या बाजूनं काही बिघडलं नाही. कापड विलायतेचं असो, मुंबईचं असो की गावातलं, होतं सुती. पुढे अकोल्यातच सावतराम रामप्रसाद आणि मोहता या गिरण्यांची धुराडी उभी राहिली. माझे वडील सावतराम मिलमध्ये होते. भोंगा झाला की आमच्या घरी चहाचं आधण पडे. दुसऱ्या महायुद्धात 1943 साली कापडावर कंट्रोल आलं, तेव्हा नवं लुगडं मिळेना म्हणून जुनं सोडवेना, आणि लंगोटाला कापड उरेना. माय सांगायची की त्या दिवसांत साखरेच्या आणि पिठाच्या सुती पिशव्या उसवून, उकळून, त्यांवरचे छापे पुसट करून वापरल्या. कापडाच्या टंचाईची पहिली झळ बाळंतिणीला लागली होती.

आता बेतायचं कसं, ते सांगते. नऊवारी लुगडं आधी उन्हाकडे धरायचं. जिथे उजेड गाळणीसारखा येतो तिथे खूण करायची. बसण्याचा भाग आधी विरतो, पदराकडचं अंग जास्त टिकतं. दोन्ही काठ काढून बाजूला ठेवायचे. ते जाड, बाळाच्या मांडीला काचतात, पण नाड्यांना पक्के. मग फाडायचं. कात्री लावायची नाही, कारण फाडलेलं कापड धाग्यात सरळ जातं. फाडताना चर्र वाजलं तर कापडात अजून दम आहे. आवाज न करता सुटलं तर ते फक्त आतल्या घडीला घ्यायचं. एकोणीस-वीस इंचांचे चौकोन पाडले की विरलेलं वगळून एका लुगड्यात वीस-बावीस लंगोट निघत. चौकोन तिरपा दुमडून त्रिकोण करायचा. कडेला उठावाची शिवण नको, चपटी तुरपाई हवी, आणि दोऱ्याची गाठ बाहेरच्या अंगाला. दोन टोकांना नाड्या, तिसरं टोक पायांमधून वर घेऊन खोचायचं. नाळ पडेपर्यंत नाडी बेंबीच्या खाली बांधायची. आजी दोराही विकत आणत नसे. त्याच लुगड्यातून उभे धागे ओढून काढायची. म्हणायची की कापडाचा आणि दोऱ्याचा म्हातारपणा सारखा असावा, नाहीतर दोरा कापडाला कापतो.

उरलेले तुकडे वाया जात नसत. बारीक चिंध्या वाकळीत जात, मधले तुकडे दुपट्याच्या आतल्या थराला. लंगोट स्वतःच तार तार झाला की त्याचं पोतेरं होई, आणि पोतेऱ्याचा शेवटी चुलीत बोळा.

शिवणारीचं कौतुक सगळे करतात. धुणारीचं नाव कुणी घेत नाही, आणि इथे मला थांबावं लागतं. सोयराच्या दिवसांतले कपडे घरच्या बायका हाताळत नसत. ते काम सुइणीचं आणि वरठ्याच्या बायकोचं. आमच्या विदर्भात परटाला वरठी म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जातींवरच्या ग्रंथातही धोब्यांच्या प्रकरणात हे नाव आहे. असदगडाच्या किल्ल्याखाली मोर्णा नदीच्या पात्रात वरठ्याची बायको ही ओझी नेऊन धूत असे. बाराव्या दिवशी तिला धान्य, नारळ, चोळीचं कापड मिळे. विटाळ मात्र तिच्या अंगाला चिकटलेलाच राही. बाळाचं अंग कोरडं राहावं म्हणून जिचे हात ओले राहिले, तिला त्याच घराच्या ओसरीच्या आत बोलावत नसत. माझ्या डोळ्यांदेखत ही रीत मोडली. त्याला सुधारणेपेक्षा घरात आलेला नळ जास्त कारण झाला.

पाण्याचं दुसरं दुखणं खारेपणाचं. माझी माय दहीहंड्याकडची. पूर्णेच्या काठचा तो खारपाणपट्टा. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारट की 1930 साली मिठाचा सत्याग्रह करायला वऱ्हाडातल्या लोकांना समुद्र गाठावा लागला नाही. दहीहंड्यातच त्यांनी मीठ काढलं. पण देशाच्या कामी आलेलं ते पाणी बाळाच्या लंगोटाच्या कामाचं नव्हतं. त्यात साबणाला फेस येत नाही, कापड वाळलं की पापडासारखं कडक होतं, आणि बाळाच्या जांघा सोलतात. म्हणून माय शेवटच्या खळबळण्याला गोडं पाणी वेगळं ठेवायची. पावसाळ्यात पन्हाळीखाली घंगाळ लावून भरलेलं पाणी फक्त बाळोत्यांचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. साबण महाग तेव्हा रिठे आणि चुलीची राख. चैत्र-वैशाखात अकोल्याचं ऊन लंगोट घटकाभरात वाळवी. पावसाळ्यात शेगडीवर डालगं उपडं घालून त्यावर पसरायचे आणि निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायचा. वाळवणही झालं आणि धुरीही.

मोर्णेचं पुढे काय झालं ते अकोलेकरांना सांगायला नको. 2018 साली हजारो माणसं ती साफ करायला उतरली, यावरूनच तिची काय अवस्था होती ते कळतं. धुणं घरातल्या न्हाणीत आलं. पण नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात दिवसाला दीड डझन लंगोट धुणं म्हणजे टाकीतल्या प्रत्येक बादलीशी भांडण. लंगोट जास्त शिवावे लागत, ते पाण्याच्या दिवसापर्यंत पुरावेत म्हणून.

घरात मशीन आली तशी लंगोटाची रीत बदलली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं 1930 च्या दशकात उषा मशीन काढली. आमच्या आळीत ती दिसायला लागली ती मी शाळेत असताना. शिवणवर्ग निघाले. तोवर शिंपी लंगोटाला हात लावत नसे, ते बायकांनी ओसरीवर बसून करायचं काम होतं. वर्गात आम्हाला नव्या पांढऱ्या मलमलीवर, कागदाचा नमुना ठेवून, इंचपट्टीनं लंगोट बेतायला शिकवलं. जुनेर मशीनखाली टिकत नाही, सुई त्याला फाडते. म्हणून नवं कापड. अशा रीतीनं लंगोट पहिल्यांदा शिवणकामाच्या वहीत गेला आणि आजीच्या पेटीतून बाहेर पडला.

तरी जुनेर संपलं नव्हतं. ते संपवलं साडीनं. 1974 साली अकोल्याच्या लेडी हार्डिंग इस्पितळात माझं पहिलं बाळंतपण झालं, तेव्हा मायनं तिची दोन लुगडी फाडली. दुसऱ्या खेपेला पेटी उघडली तर वर नायलॉन, खाली टेरिकॉट. न चुरगळणारी, न विटणारी, रात्री धुऊन सकाळी नेसता येणारी. बायकांनी ती आनंदानं घेतली, मीही घेतली. इस्त्री, खळ, नीळ यांतून सुटका कुणाला नको होती? त्याच 1974 मध्ये सावतराम आणि मोहता या दोन्ही गिरण्या आजारी म्हणून सरकारनं ताब्यात घेतल्या. 1982 ला पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला, 1985 च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला रस्ता मोकळा केला. कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. ती साडी दहा वर्षं नेसली तरी तिचं जुनेर होत नाही, ती फक्त जुनी होते.

डायपरनं लंगोट मारला असं सगळे म्हणतात. पॅम्पर्स अमेरिकेत 1961 साली आला. आपल्याकडे हगीज 1990 नंतरच्या दशकात, आणि जुन्या शहरात तो आधी आला प्रवासापुरता, लग्नाला पुण्याला जायचंय म्हणून. तोवर आमच्या पेट्यांतलं सुती कापड संपून वीस वर्षं होत आली होती. डायपर रिकाम्या जागेत येऊन बसला. मी त्याला दोष देत नाही. नोकरीवर जाणाऱ्या, पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या सुनेला राख-रिठ्याचे दाखले देणं हा आगाऊपणा आहे. घंटागाडीत तो वेगळा गुंडाळून द्यायचा असतो, घनकचऱ्याच्या नियमांत तसं लिहिलंय, एवढंच मी पोरींना आठवण करून देते. रात्री डायपर आणि दिवसा लंगोट, अशी तडजोड बऱ्याच घरांत चालते, आणि ती शहाणपणाची आहे.

क्लासमध्ये पहिला धडा अजूनही लंगोटाचाच. पण मशीनला हात लावायच्या आधी मी मुलींना घरातून पाच जुनी कापडं आणायला सांगते आणि प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाकायला लावते. पसरला तर सुती, मोत्यासारखा उभा राहिला तर बाजूला ठेवा. ज्या शहराच्या कृषी विद्यापीठात 1969 पासून कपाशीचं संशोधन चालतं, ज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथल्या मुलीला घरात कापूस ओळखायला शिकवावं लागतं. पाचांतलं एखादंच कापड पास होतं, आणि ते बहुतेक वडिलांचं बनियान असतं. तेही चालतं, ताणतं आणि पितं.

काहीच निघालं नाही तर बाजारातून मलमल आणा, खळ जाईस्तोवर धुवा, मग बेता, असं मी सांगते. पण जिच्या घरी पाळणा हलायला अजून अवकाश आहे, तिला माझा सल्ला वेगळा असतो. लग्नात आईला आणि सासूला पॉलिस्टरची पैठणी घेण्याऐवजी दोन-दोन सुती साड्या घ्या आणि रोज नेसायला लावा. चार-पाच वर्षांत नातवंडांचे लंगोट त्यांच्या अंगावरच तयार होतील.