फ्रान्समधील मुलींचीं नांवें

बाळाचें नांव ठेवणें ही घरची बाब, असें आपण मानतों. फ्रान्समध्यें मात्र जवळजवळ १९० वर्षें ती सरकारची बाब होती. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर उत्साहाच्या भरांत कित्येकांनीं संतांचीं नांवें टाकून अपत्यांस फुलांचीं, सद्गुणांचीं, क्वचित् ‘स्वातंत्र्य’ असेंहि नांव दिलें. हें आवरण्यासाठीं १ एप्रिल १८०३ रोजीं कायदा झाला : नांव घ्यावयाचें तें पंचांगांत रूढ असलेलें, अथवा प्राचीन इतिहासांतील व्यक्तीचें. (गंमत अशी कीं, कायद्यावर तिथि होती ती क्रांतिकारकांच्याच नव्या पंचांगाची !) मारी, झान, लुईझ हीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या चाललीं, तीं केवळ हौसेनें नव्हे, त्यांत कारकुनाच्या लेखणीचाहि वाटा होता. या लेखणीची झळ ब्रिटनी प्रांतास विशेष लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील एका दांपत्याच्या कांहीं मुलांचीं ब्रेटन नांवें नोंदविण्यास नकार मिळाला; सरकारदप्तरीं तीं मुलें जणूं जन्मलींच नव्हतीं. १९६६ मध्यें बंधन सैल झालें, आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्यानें निवड आईबापांच्या हातीं आली. मग या मोकळ्या झालेल्या आईबापांपैकीं कित्येकांनीं उचललें तें पणजीचेंच नांव. लुईझ आणि झान पुन्हा पाळण्यांत दिसूं लागल्या.