विहिरीतले स्फटिक आणि आपला इतिहास

हिवरे बाजार म्हटलं की आपण पाण्याबद्दल बोलतो. 1990 नंतर पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी केलेले समतल चर, पाण्याचा ताळेबंद, शेतीसाठी बोअरवेल बंदी, हे सगळं आपल्याला पाठ आहे. आज मी ज्या दगडात ते पाणी मुरतं, त्या दगडाबद्दल लिहितोय.

आपल्या नगर जिल्ह्याचा बहुतेक भाग साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि स्फटिक तयार झाले. विहीर खोदणारे ज्याला 'मांजऱ्या' म्हणतात, तो हाच ठिपक्याठिपक्यांचा खडक. त्यातले बरेच पांढरे ठिपके म्हणजे झिओलाइट. 1756 साली क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिलं. अर्थ 'उकळणारा दगड', कारण तापवला की त्यातून वाफ निघते.

या स्फटिकांचा इतिहास म्हणजे आपल्या खोदकामांचा इतिहास. बोरघाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. तिथे डोंगर फोडताना निघालेले नमुने थेट ब्रिटनच्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निळंशार कॅव्हन्साइट मिळालं. जगातले सर्वोत्तम नमुने तिथलेच मानले जातात. आणि आपल्याच जिल्ह्यात, राहुरीजवळ मोमीन आखाड्याला, 2000 च्या सुमारास विहीर खोदताना हिरवे, गोलाकार अपोफिलाइट सापडले. परदेशी संग्राहकांनी त्यांना 'डिस्को बॉल' म्हटलं!

आता मुद्द्याचं बोलू. परदेशातल्या कितीतरी जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर फक्त 'पूना' लिहिलेलं असतं. गाव नाही, खाण नाही, फोडणाऱ्या हातांचा तर पत्ताच नाही. गाव पुसलं गेलं की नमुना शोभेची वस्तू उरतो, पुरावा राहत नाही.

आपल्याकडे चांगलं उदाहरणही आहे. नौदलातून आलेल्या के. सी. पांडे यांनी वर्षानुवर्षं दगड जमवले आणि 2001 मध्ये सिन्नरला 'गारगोटी' संग्रहालय उभं केलं. शिर्डीला जाता-येता जरूर बघा.

पण प्रत्येक गोष्टीसाठी सिन्नर गाठायची गरज नाही. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने शाळेत एक कपाट ठेवावं. विहीर, शेततळं, रस्ता, जिथे खोदकाम होईल तिथला एक-एक दगड त्यात यावा. चिठ्ठीवर गाव, जागा, किती फुटांवर निघाला, तारीख आणि खोदणाऱ्याचं नाव. खर्च जवळजवळ शून्य. त्यातून पोरांना भूगोल कळेल आणि मांजऱ्या कुठे किती खोल आहे याची नोंदही गावाकडे राहील. पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या जिल्ह्याला दगडाचा हिशेब जड जाऊ नये.

तुमच्या विहिरीत असं काही निघालं असेल तर फोडू नका, विकायची घाई करू नका. आधी जागा लिहून ठेवा.