‘लाईन’ शब्दाचें कूळ

गोंदिया जिल्ह्यांतील सौंदडास ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. ‘लाईन लागली’ म्हणजे माणसांची रांग लागली. नुसती ‘लाईन’ म्हणाल तर ती आगगाडीची. ही शेवटली सर्वांत वडील. बंगाल-नागपूर रेल्वेनें येथें टाकलेले रूळ अवघे अडीच फूट अंतराचे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते रुंद झाले. पण शब्दाचें कूळ शोधूं जावें तर तें लॅटिन ‘लिनम्’पर्यंत पोंचतें. लिनम् म्हणजे जवस! त्याच्या तंतूंचा ताणलेला दोरा ती ‘लिनेआ’. त्यावरून रेघ, ओळ, रांग, रूळ. युरोपानें ज्या रोपाचा धागा वळला, त्याचें आपण तेल गाळलें. आणि पूर्व विदर्भांत, कापणीपूर्वीं, उभ्या धानाच्या ओलींत आजही जवस फेंकून पेरतात.