तीन डॉलरचा निकाल: ईमेलच्या काळ्या यादीचा इतिहास

१/
मे १९७८. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थुएर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. निषेध झाला, समज मिळाली. जाळे लहान होते, तोवर लोकलज्जा पुरेशी होती.

२/
१९९० च्या दशकात ती पुरेनाशी झाली. ईमेलच्या मूळ रचनेत प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येई. लपवणे अवघड होते ते एकच: पत्र आणून देणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता.

३/
१९९७ मध्ये पॉल विक्सी यांनी याच दुव्यावर ‘रिअलटाइम ब्लॅकहोल लिस्ट’ उभारली. पत्र दाराशी येताच सर्व्हर त्या पत्त्याचे चार आकडे उलट क्रमाने मांडून डीएनएसमार्फत यादीला विचारी. नोंद सापडली तर पत्र परत; ‘असे नाव नाही’ असे उत्तर आले तर आत.

४/
कठीण होते ते यादी राखणे. पत्ते हात बदलतात. एकाच पत्त्याआड अनेक निरपराध ग्राहक असतात. म्हणून नोंदीला पुरावा हवा आणि नाव वगळण्याची वाटही हवी. शिळी यादी निर्दोषांनाच शिक्षा देते.

५/
१९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी ब्रिटनमध्ये ‘स्पॅमहाउस’ सुरू केले. यादीत नाव आल्याने ‘ई३६० इनसाइट’ या अमेरिकी कंपनीने खटला भरला. स्पॅमहाउसने बचावातून अंग काढून घेतले. २००६ मध्ये एकतर्फी निकाल लागला: भरपाई १ कोटी १७ लाख डॉलरहून अधिक!

६/
अपिलात ती रक्कम रद्द झाली. फेरसुनावणीनंतर २०१० मध्ये ती २७,००२ डॉलर ठरली. नुकसान सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती अवघ्या ३ डॉलरवर आणली.

७/
मात्र निकाल एकतर्फी असल्याने, ती नोंद मुळात न्याय्य होती का, याचा निवाडा झालाच नाही.

८/
यादी स्वतः एकही पत्र अडवत नाही. अडवतो तो तिच्यावर विश्वास ठेवणारा सर्व्हर. यादीकर्त्याची सारी सत्ता या उसन्या विश्वासावर उभी आहे. त्यामुळे दुसऱ्यांची पत नोंदवणाऱ्याला आधी स्वतःची पत राखावी लागते.